पालथ्या हाताचं काम
गाडी घरची : लेखांक ९

शेंद्र्याला नोकरी करणाऱ्यांचं एक दुखणं वाळूजवाल्यांना कधी कळायचं नाही. शेंद्रा शहराच्या पूर्वेला. सकाळी जालना रोडला लागलं की सूर्य थेट डोळ्यांत. संध्याकाळी चिकलठाण्याकडून परत फिरावं, तर तो तोवर क्रांती चौकाच्या बाजूला उतरलेला, म्हणजे पुन्हा डोळ्यांतच. वाळूजला जाणाऱ्यांचं ऊन दोन्ही वेळेला पाठीवर असतं. मी अकरा वर्षं शेंद्र्याची वाट केली, त्यामुळे हा भेदभाव चांगला लक्षात आहे.

त्यातल्याच एका संध्याकाळी मुकुंदवाडीच्या सिग्नलला समोरची काच अचानक दुधी झाली. पुढच्या रिक्षाचा नुसता आकार दिसत होता, सिग्नल लाल की हिरवा ते कळेना. वायपर फिरवला, फवारा मारला. काही फरक नाही. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून अंदाजाने गाडी काढली. आदल्याच दिवशी गाडी धुऊन आणली होती. बाहेरून काच लख्ख होती. मळ आत होता.

गेल्या आठवड्यात आपण एसीच्या फिल्टरमधून बाहेरची धूळ आत कशी येते ते पाहिलं. आजचा मळ बाहेरून येत नाही, तो गाडी स्वतःच तयार करते. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी काही द्रव्यं घातलेली असतात. उन्हाळ्यात ४० अंशांच्या दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तरच्या आसपास तापतो. तेवढ्या उष्णतेने ही द्रव्यं थोडी थोडी हवेत उडतात, आणि रात्री काच गार झाली की तिच्यावर बसतात. नव्या गाडीचा जो वास आपण कौतुकाने हुंगतो, तो याच कारभाराचा एक भाग. गाड्या बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. डीआयएन ७५२०१ नावाची एक जर्मन चाचणीच आहे त्यासाठी. प्लॅस्टिकचा तुकडा १०० अंशांपर्यंत तापवायचा, वर गार ठेवलेली काच धरायची आणि ती किती अंध झाली ते मोजायचं. आपल्याकडे ही चाचणी दर उन्हाळ्यात, प्रत्येक पार्किंगमध्ये, फुकट होते.

त्यात आपली भर असतेच. वॉशिंग सेंटरवर शेवटी डॅशबोर्डला चकाकी आणणारं पॉलिश फासतात, त्यातलं सिलिकॉन महिनाभरात काचेवर चढतं. मुलांची वेफर्सची बोटं आहेतच. आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे रोज सकाळी लावलेली उदबत्ती. तिचा धूर थेट समोरच्या काचेवर जातो. देवाला नमस्कार करावा, उदबत्ती घरात लावावी, असं माझं मत आहे. पटत नसेल तर सोडून द्या.

हा थर एरवी दिसत नाही. सरळ पाहिलं तर काच स्वच्छच वाटते. पण सूर्य खाली उतरला, किंवा रात्री समोरून हेडलाइट आला, की तिरपा किरण त्या सूक्ष्म थेंबांवर आपटून चहूकडे पसरतो. पावसाळ्यात आतून वाफ धरते तेव्हाही हाच थर आड येतो. स्वच्छ काचेवर पाणी सपाट पसरतं आणि आरपार दिसतं, तेलकट काचेवर त्याचे बारीक बारीक मणी होतात.

आता पुसायचं कसं? बहुतेक जण पुसतात तेही मधलंच. हात जिथवर सहज जातो तिथवर. खाली डॅशबोर्ड आणि काच जिथे एकमेकांना भिडतात, त्या चिंचोळ्या खाचेत हात जात नाही. जुन्या अँबेसेडरची काच जवळजवळ उभी होती, बसल्या जागी कोपऱ्यापर्यंत बोट पोचायचं. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून पुढे काचा तिरप्या होत गेल्या, डॅशबोर्ड लांब होत गेला आणि कोपरा हाताच्या पल्ल्याबाहेर गेला. या बाबतीत लहान-मोठं काही नाही. २०१० साली आपल्या शहराने एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. त्या दीडशेही गाड्यांना ती खाच होतीच.

मी बरेच दिवस तळवा काचेला टेकवून तिथे पोचायचा प्रयत्न करत होते. मनगट मागे दुमडतं, कोपर डॅशबोर्डवर अडतं, आणि बोटं खाचेच्या वीतभर अलीकडे थांबतात. जोर केला तर फडकं निसटून खाली पडतं आणि मग ते काढायला पट्टी शोधा. उपाय एका वॉशिंग सेंटरवरच्या पोराने दाखवला, तोही बोलता बोलता, माझ्याकडे न बघता. "हात पालथा घाला ना मॅडम." तळवा डॅशबोर्डकडे, बोटांची पाठ काचेकडे, आणि फडकं बोटांच्या पाठीवर. आता मनगट सरळ राहतं. चार बोटं सपाट होऊन खाचेत अगदी टोकापर्यंत सरकतात, नखांना रबर लागेपर्यंत. मग हात डावीकडून उजवीकडे आडवा ओढायचा, बस्स. डाव्या अर्ध्या भागासाठी डाव्या सीटवर बसायचं. उजव्या बाजूला ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे घ्यायची, स्टिअरिंग खाली होत असेल तर खाली करायचं आणि दाराच्या अंगाने हात घालायचा.

बाजारात लांब दांडीचे, तिकोनी डोक्याचे पुसणेही मिळतात. वाईट नाहीत. पण डोकं जाड असलं की तेही खाचेच्या आधीच अडतं. त्यापेक्षा शाळेची बारा इंची प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, तिला पातळ फडक्याचा एकच वेढा द्यावा, टोकाला रबर लावावं. अगदी कोपऱ्यातली बोटभर जागा तिनेच निघते. स्वयंपाकघरातला लाकडी कालथा चालतो. लोखंडी नको.

फडकी दोन लागतात. एक ओलसर, एक कोरडं. ओलसर म्हणजे पिळून घट्ट काढलेलं. फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारलेलं पाणी ओघळून डॅशबोर्डच्या जाळीत जातं, छताच्या कापडावर डाग पाडतं आणि आरशामागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असला तर त्यालाही भिजवतं. पहिलं फडकं तेल सैल करतं, दुसरं ते उचलतं. एकाच फडक्याने दोन्ही करायला गेलं की तेल फक्त इकडचं तिकडे होतं, आणि संध्याकाळी जालना रोडवर ते कळतं. मायक्रोफायबरचं फडकं उत्तम, पण ते कपड्यांच्या सुवासिक कंडिशनरमध्ये धुऊ नका. तो धाग्यांवर बसतो आणि तिथून काचेवर येतो. बाटलीवर अमोनिया लिहिलेलं असेल तर ती गाडीत आणू नका. फिल्म, स्क्रीन, प्लॅस्टिक, कुणालाच ते मानवत नाही. थर फार जुना असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर पुरतं.

हे काम सकाळी सावलीत करावं. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आत वाळतं आणि ओरखड्यांसारखे पट्टे राहतात. पट्टा आत आहे की बाहेर, हा वाद मिटवायला एक युक्ती आहे. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. उभा पट्टा दिसला तर दार उघडून बाहेर या.

आणि पाणी कोणतं? आपल्या शहरात हा प्रश्न टाळून चालत नाही. जायकवाडीचं पाणी नळाला कितव्या दिवशी येणार यावर ज्या घरांचं वेळापत्रक ठरतं, तिथे गाडीसाठी बोअरचं पाणी वापरलं जातं. ते जड. त्यातले क्षार काचेवर पांढरे ठिपके सोडतात. आमच्या शेजारचे काका तर आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी पुसतात. काटकसर कौतुकाची, पण क्षार नेमके त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. ते फरशीला वापरावं. काचेसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणावं, नाहीतर घरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं धरावं. आतल्या सगळ्या काचांना मिळून दोन वाट्या पाणी खूप झालं.

बाजूच्या काचांचं फार सांगण्यासारखं नाही. काच चार बोटं खाली करा, रबरात लपलेली वरची कड पुसा, मग वर घेऊन उरलेली पुसा.

मागच्या काचेचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण तिथे मी शहाणपण विकत घेतलंय. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली. काचेतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि तोही मूळ काचेतूनच, वरून फिल्म चिकटवून नाही, असा तेव्हाचा आदेश होता. चौकाचौकात फिल्म सोलणं सुरू झालं. मी म्हटलं, घरीच काढू. फिल्म निघाली, गोंद राहिला. मी ब्लेड घेतलं. मागच्या काचेवर त्या आडव्या तांबूस रेषा असतात ना, त्या काचेच्या आत नसतात. चांदी मिसळलेल्या लेपाने त्या आतल्या पृष्ठभागावर छापून भाजलेल्या असतात, आणि त्यांतून वीज गेली की काच तापून वाफ उडते. ब्लेडने तिसरी रेष तुटली. रेषा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात म्हणून बाकीच्या चालू राहिल्या. पण त्यानंतर प्रत्येक डिसेंबरात सकाळी सगळी काच मोकळी व्हायची आणि मधोमध धुक्याचा एक पट्टा तेवढा शिल्लक राहायचा. ते वाहक रंगाने दुरुस्त होतं हे मला फार नंतर कळलं.

म्हणून मागे ब्लेड नाही, तारेची घासणी नाही, आणि हात नेहमी रेषांच्या दिशेने, आडवा. हॅचबॅक असेल तर डिकीचा ट्रे काढला की सोपं. सेडानमध्ये मागच्या सीटवर गुडघे टेकून, डोकं छताला लावून, मागे तोंड करून बसावं लागतं. इथेही हात पालथाच.

गेल्या रविवारी मी अशीच उलटी बसले होते, तर काका खिडकीत डोकावले. "काय गं, कशाला उगं जीव काढायलीस? पेपरचा बोळा फिरव, झालं." पेपर वाईट नाही, धागे सोडत नाही. पण ओला झाला की खाचेत त्याचा लगदा होतो आणि शाई रबराला लागते. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, काका, तुमची गाडी उघडा.

त्यांची गाडी आठ वर्षांची, काकांच्या मते आरशासारखी. मी ओलसर फडकं पालथ्या हातावर घेतलं, खाचेत घातलं आणि एकदाच आडवं ओढून त्यांच्या हातात दिलं. फडक्यावर चहाच्या रंगाचा रुंद पट्टा उमटला होता. काकांनी तो उजेडात धरला, मग नाकाजवळ नेला.

"मोगरा," ते म्हणाले. "आमच्याच उदबत्तीचा."