कॅराव्हॅन ओढायची, तर गाडी कोणती?

जयपूरच्या उत्तरेला, सीकर रस्त्यावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. ‘रीको’ या राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने वसवलेल्या या वसाहतीत पत्ता सांगतात तो ‘रोड नंबर 9’, ‘रोड नंबर 14’ असा. लोखंड कापणं, वाकवणं, वेल्डिंग करणं ही इथली रोजची कामं. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली चाकांवरची खोली, म्हणजे कॅराव्हॅन, हिचा सांगाडा जोडू शकणारे कारागीर अशा ठिकाणी भेटतात. पण ती ओढायची कशानं? दारातला राष्ट्रीय महामार्ग 52 टोंक, कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड करत थेट सोलापूर गाठतो. वाटेत सेंधव्याजवळचा बिजासन घाट आहे, चाळीसगाव सोडल्यावर कन्नडचा घाट आहे. ओढणाऱ्या गाडीची खरी परीक्षा तिथे, आणि तीही चढापेक्षा उतारावर.

आपल्याकडे गाडी घेताना आधी मायलेज विचारतात, मग पिकअप. इथे आधी वजन विचारावं लागतं. कॅराव्हॅनची जुनी सवय असलेल्या ब्रिटनमध्ये नवख्यांना एक आकडा सांगितला जातो: सामानासकट कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपुढे जाऊ नये. तो कायदा नाही, अनुभवातून आलेला सल्ला आहे. भरलेली कॅराव्हॅन 1300 किलोची असेल, तर गाडी निदान 1530 किलोची हवी. छोट्या एसयूव्ही इथेच बाद होतात, मग त्यांच्या जाहिरातीत डोंगर कितीही दिसोत.

याचं कारण डुलणं. शेजारून ट्रक भरधाव गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा उतारावर वेग वाढला, की कॅराव्हॅन डावी-उजवीकडे शेपूट हलवू लागते आणि हलकी गाडी तिच्याबरोबर ओढली जाते. अशा वेळी जोरात ब्रेक मारण्याचा किंवा स्टिअरिंग झटकण्याचा मोह घातक ठरतो. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा, एवढंच करायचं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली गाडी अशा धक्क्यांना सहसा कमी बधते. तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर 2450 मिलिमीटर आहे, थार रॉक्समध्ये 2850. मिरवायला पहिली देखणी असेल, कॅराव्हॅनसाठी दुसरी.

उसाच्या ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचलली गेलेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हूकवरचा भार वेगळा समजावून सांगायला नको. कॅराव्हॅनचं नाक गाडीच्या हूकवर टेकतं. हा भार तिच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के असावा, म्हणजे 1300 किलोला 65 ते 91 किलो. कमी पडला तर कॅराव्हॅन डुलते, जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. शिवाय तो गाडीच्या वाहनक्षमतेतूनच वजा होतो. सात जण सरासरी 65 किलोचे धरले, तरी 455 किलो झालेच; त्यावर बॅगा, लोणच्याच्या बरण्या आणि हा भार. सात आसनी गाडीत सातही जण बसवून कॅराव्हॅन ओढायचा बेत म्हणूनच बहुधा कागदावरच राहतो.

इंजिनाकडे आता वळता येईल. चढावर कमी फेऱ्यांत मिळणारा टॉर्क कामाला येतो, त्यामुळे डिझेलला पसंती. फॉर्च्युनरचं 2.8 लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर देतं, मॅन्युअलमध्ये 420. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेलमध्ये हेच आकडे 400 आणि 370. उतारावर मात्र खालचा गिअर टाकून इंजिनालाच वेग धरायला लावायचं. सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. इलेक्ट्रिक गाडीला टॉर्कची वाण नाही, पण कॅराव्हॅन जोडली की एका चार्जिंगमधला पल्ला निम्म्यावर येऊ शकतो.

परदेशातले आकडे बघून भुलू नये. ऑस्ट्रेलियात स्कॉर्पिओला ब्रेक असलेला 2500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची कंपनीची परवानगी आहे. तिथली गाडी पेट्रोल, तिथला हूक वेगळा, नियमही वेगळे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरबद्दल काय लिहिलंय तेच प्रमाण. काही लिहिलं नसेल तर कंपनीकडून लेखी घ्यावं.

कागदपत्रांचा घाट वेगळाच. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलरही ‘मोटार वाहन’ असतो, म्हणून त्याचीही नोंदणी लागते. त्यामुळे शेडमध्ये सुबक वेल्डिंग झालं म्हणून काम संपत नाही. मंजूर नमुन्याचा, पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-चाचणी संस्थेने तपासलेला ट्रेलर घेणं शहाणपणाचं.

निघण्याआधी वजनकाट्यावर फेरी मारावी. आधी सगळी माणसं आणि सामान घेऊन गाडी, मग भरलेली कॅराव्हॅन एकटी, शेवटी जोडून दोन्ही. ट्रकच्या काट्यावर नाकाचा भार नेमका कळत नाही. त्यासाठी सपाट जमिनीवर घरातला वजनकाटा ठेवून, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कॅराव्हॅनचं नाक टेकवायचं. आकडा जास्त आला, तर पाण्याचे कॅन आणि शेगडी चाकांच्या दांड्याच्या वर सरकवून पुन्हा मोजायचं.