मालक बदलला तरी तास आपलेच

आता यंत्र चालवणाऱ्यांकडे येऊ. पोकलेन आणि जेसीबी ही खरं तर कंपन्यांची नावं, एक फ्रेंच, दुसरी ब्रिटिश. आपण ती यंत्रांनाच देऊन टाकली. तर हा पोकलेनवाला एका साइटवर चार महिने, दुसरीकडे दोन, मग तिसराच ठेकेदार. याचा फंड भरायचा कुणी? आजारी पडला तर विमा कुणाचा?

अमेरिकेत या लोकांची जुनी संघटना आहे, इंटरनॅशनल युनियन ऑफ ऑपरेटिंग इंजिनिअर्स. 1896 साली शिकागोत वाफेची इंजिनं चालवणाऱ्यांनी ती काढली. (इथे इंजिनिअर म्हणजे इंजिन चालवणारा, पदवीवाला नव्हे.) ठेकेदार युनियनशी करार करतो, त्यात ताशी मजुरीच्या वर विमा, पेन्शन आणि प्रशिक्षणासाठी वेगळी रक्कम ठरते. ती थेट ट्रस्टमध्ये जाते. 1947च्या टाफ्ट-हार्टली कायद्याप्रमाणे अशा ट्रस्टवर कामगार आणि मालकांचे प्रतिनिधी समसमान लागतात. ठेकेदार कुणीही असो, तास एकाच ठिकाणी जमा होतात. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात जमीन गोठते, खोदकाम मंदावतं. बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातले जादा तास शिल्लक टाकता येतात, त्यावर तेव्हा विमा चालतो.

तुम्हाला माथाडी बोर्ड आठवलं असेल. बरोबर आहे. 1969चा आपला कायदाही याच प्रश्नातून आला: मालक अनेक, म्हणून मजुरी आणि वरची लेव्ही बोर्डात भरायची. फक्त बोर्ड सरकार नेमतं, तो ट्रस्ट युनियन आणि ठेकेदार मिळून चालवतात.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते प्रशिक्षण. तिथे तीन-चार वर्षं उमेदवारी असते, पगार घेत, टप्प्याटप्प्यानं वाढत. साइटवर जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली काम, शिवाय वर्षाला साधारण 144 तास वर्ग. नकाशा वाचणं, जमिनीचा उतार काढणं, क्रेनचा लोड चार्ट वाचणं. बूम जितकी बाहेर पसरेल तितकं कमी वजन पेलतं. हे चुकलं की क्रेन आडवी होते, आणि खाली माणसं असतात. 2018पासून तिथे बांधकामावरच्या बहुतेक क्रेनसाठी ऑपरेटरकडे प्रमाणपत्र असणं सक्तीचं आहे.

आपल्याकडे बहुतेक पोरं हेल्पर म्हणून लागतात. ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, आणि उस्तादाची मर्जी असेल तेव्हा लिव्हर हातात घ्यायचा. हात तयार होतो, यात शंकाच नाही. पण किती तास काय चालवलं याची नोंद बहुधा कुठेच नसते. नव्या ठेकेदाराकडे गेला की पुन्हा तोंडओळखीवरच सगळं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, त्यालाही ठेकेदाराच्या नाहीतर ग्रामसेवकाच्या दारात उभं राहावं लागतं.

तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. अमेरिकेत बांधकामातला दहातला साधारण एकच कामगार युनियनमध्ये आहे. वर्गणी भरावी लागते. काम युनियनच्या यादीप्रमाणे मिळतं, नंबर खाली असला की फोनची वाट बघत घरी बसायचं. आणि शिलकीतले तास संपले, की विमाही थांबतो.