हरळीच्या काशीसारखा रोग

शेतकरी बंधूभगिनींनो, हरळीची एक काशी मातीत राहिली तरी ती पुन्हा फुटते, हे तुम्हाला सांगायला नको. मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग तसाच. काळा डाग कापून काढला तरी न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात.

रक्तातील पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार. कर्करोग त्यांना थोपवून धरतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध त्यांना मोकळे करते. रोग अवधाणाच्या गाठींपर्यंत पोचून शस्त्रक्रिया झालेल्या १०१९ रुग्णांवर अनेक देशांत त्याची चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसते सलाईन; कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. नवे खत पारखताना तुम्हीही एक वाफा बिनखताचा ठेवताच ना? रोग उलटलाच, तर सलाईनवाल्यांनाही औषध मिळण्याची सोय होती.

निकाल २०१८ साली लागला. वर्षाअखेर औषधवाल्यांत शंभरी ७५ जण रोग न उलटता राहिले, सलाईनवाल्यांत ६१. मात्र राखणदार कधी घरच्यांवरच उठतात. शंभरी सुमारे १५ जणांना औषधाचा गंभीर त्रास झाला.

आपल्याकडे हा रोग विरळा. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली. तिथला काळा डाग वाढू लागला, तर काटा मोडला असेल म्हणून बसू नका. डॉक्टरांना दाखवा.