मैदानातील कथा आणि तरुण मल्ल

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध असले, तरी मिरचीचा हंगाम ओसरून गावोगावच्या जत्रांचे दिवस लागले, म्हणजे या पट्ट्यातील पारांवर भावाखालोखाल जो विषय रंगतो तो कुस्तीचा. आणि त्या चर्चेत जुन्या वस्तादांच्या तोंडून हमखास निघणारी तक्रार अशी, की आजच्या पोरांना डाव येतात, पण कुस्ती करता येत नाही. तिची गणना वृद्धांच्या नित्याच्या कुरकुरीत करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिच्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि ते समजून घ्यायचे तर कुस्तीत डावापलीकडे असे काय असते, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे.

कुस्तीला कथा असते. हळद, ताक, तेल आणि लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत दोन मल्ल उतरतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात, सलामी झडते आणि खडाखडी सुरू होते. अजाण प्रेक्षकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वास्तविक कथेतील पात्रांचा परिचय येथेच होत असतो. कोणाची मान कणखर आहे, कोणाचा उजवा पाय पुढे राहतो, कोण हप्ते भरायला उतावीळ आहे आणि कोण समोरच्याची दमछाक होण्याची वाट पाहत आहे, हे जाणता माणूस पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो. मग एक जण एकेरी पटात घुसतो, दुसरा पाय मागे काढून त्याच्या पाठीवर येतो आणि कब्जा घेतो. खालचा दंड जमिनीला रोवून बसतो. वरचा घिस्सा लावू पाहतो आणि तो फसतो. थोड्या वेळाने तो पुन्हा तीच तयारी करतो, खालचा मल्ल सवयीने त्याच बाजूला जोर लावतो, आणि वरचा मल्ल त्या जोराचाच उपयोग करून उलट बाजूने मोळी बांधतो. पाठ मातीला लागते, हलगी कडाडते आणि फेटे उडतात. पहिला घिस्सा फसला नसता, तर त्या मोळीला काही मोल नव्हते; ज्याने तो फसविण्यासाठीच लावला होता त्या मल्लाला मैदानाची कथा कळली होती, असे मी म्हणेन.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. कथा म्हटली की ती आधी ठरलेलीच असणार, आणि ठरवून खेळलेली ती नुरा कुस्ती, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि इनाम लावून निकालाची कुस्ती जाहीर करायची व आतून संगनमत करायचे, हा प्रेक्षकांशी केलेला दगाच होय, याविषयी दुमत नाही. मात्र दूरचित्रवाणीवर दिसणारी अमेरिकी पद्धतीची व्यावसायिक कुस्ती ही निराळी कला आहे. तेथे निकाल आधी ठरलेला असतो व प्रेक्षकही तो करार जाणून असतो. म्हणूनच तेथील मल्लाचे सगळे कसब मार सोसण्यात, वेदना शेवटच्या रांगेपर्यंत पोचविण्यात आणि दोन झेपांमधील विरामात असते. मुंबईने ही कला दारासिंगांच्या काळात डोळे भरून पाहिली. किंग काँगसारख्या अवाढव्य प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या त्यांच्या लढती आणि १९६८ साली लू थेझवर त्यांनी मिळविलेला विजय यांच्या आठवणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या क्षेत्रातही आज जुन्यांचे गाऱ्हाणे हेच आहे, की तरुण मल्ल एकामागून एक नेत्रदीपक उड्या मारतो, पण कोणत्याही उडीचा परिणाम अंगावर दिसू देत नाही.

खऱ्या कुस्तीची कथा कोणी लिहीत नाही, ती घडते. आणि कधी ती घडायला वर्षे लागतात. १९१० साली लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा मल्ल झिबिस्को यांची गाठ पडली, तेव्हा झिबिस्को सुमारे अडीच तास जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती अनिर्णीत सुटली. १९२८ साली पतियाळा संस्थानात तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. त्या काही क्षणांमागे अठरा वर्षांचे अपुरेपण उभे होते, म्हणून ते क्षण अमर झाले. कुस्तीतील ही कथा सर्वांना दिसली पाहिजे हे राजर्षी शाहू महाराजांनी पुरते ओळखले होते. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली सिद्ध झाले ते वाडग्याच्या आकाराचे, मध्ये हौद आणि सभोवार चढती बैठक, जेणेकरून मागल्या रांगेतील रयतेलाही मल्लाचा पवित्रा दिसावा.

मग कथेची ही समज ओसरली कशाने? मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. मल्ल निष्क्रिय ठरला तर तीस सेकंदांत गुण मिळविण्याची सक्ती होते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, रिंगणाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक. या व्यवस्थेत पाच मिनिटे पेरलेला डाव शेवटी कापायला सवड उरत नाही. तथापि मॅटला दोष देऊन मी थांबणार नाही. मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते हीच नवी शिस्त अंगी बाणवून. आपल्या जालना जिल्ह्यानेही याचे प्रत्यंतर पाहिले आहे. महाराष्ट्र केसरीचे पहिले अधिवेशन १९६१ साली औरंगाबादला भरले, तेव्हा भोकरदन त्याच जिल्ह्यात मोडत होते. पुढे २०१८ च्या डिसेंबरात अधिवेशन खुद्द जालन्यात भरले, आणि शेजारच्या बुलढाण्याकडून खेळणारा बाला रफिक शेख माती विभाग जिंकून अंतिम फेरीत आला व त्याने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला ११-३ असे मॅटवर हरविले. गणपतराव आंदळकरांच्या तालमीत घडलेल्या या मल्लाने, वस्तादांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, मातीचा धीर मॅटवरही चालतो हे दाखवून दिले.

म्हणून तरुणांना समज नाही, असा सरसकट निवाडा मला मान्य नाही. समज आहे, ती वापरण्याचे कारण उरलेले नाही. नाणावलेला मल्ल एका हंगामात गावोगाव फिरतो. उद्या दुसऱ्या मैदानात उतरायचे असते, गुडघा सांभाळायचा असतो आणि इनाम तर जोड लागतानाच ठरून गेलेले असते. मग वीस मिनिटे खडाखडी करून हात वर करायचे आणि बरोबरी पत्करायची, यात त्याचे नुकसान काहीच नाही. नुकसान होते ते चार कोस चालून आलेल्या माणसाचे. या उणिवेची भरपाई पुष्कळदा निवेदक करतो. कोथळीच्या शंकरराव पुजाऱ्यांनी निवेदनाला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि मल्लाचे गाव, वस्ताद, मागील हारजीत सारे प्रेक्षकांपर्यंत पोचविले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण ध्वनिक्षेपकावरून सांगितलेली कथा हौदात घडलीच नाही, तर निवेदकाने तरी काय करावे?

जत्रेच्या मैदानात दुपारी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या होतात, त्या जरूर पाहाव्यात. दहा-बारा वर्षांची पोरे घड्याळाकडे पाहत नाहीत. पाठ लागेपर्यंत झुंजतात, आणि हरलेला पोरगा डोळे पुसत पुन्हा जोड मागतो. यात्रा कमिट्यांनी मोठ्या कुस्त्यांनाही हाच कायदा लावावा: निकालाचे इनाम पूर्ण, बरोबरीचे चौथाई, आणि ही अट जोड ठरवितानाच दोन्ही वस्तादांच्या सहीने कागदावर यावी.