दुसऱ्याच्या झाडाचा सौदा

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूर परिसरात बांधावरचा लिंब किंवा बाभूळ म्हणजे शेतकऱ्याची अडीअडचणीची पुंजी. ती पुंजी भलत्यानेच विकली तर?

उभं झाड जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून कायद्याच्या लेखी ते चोरता येत नाही. कुऱ्हाडीने ते जमिनीपासून सुटलं की त्याच क्षणी चोरी घडते. 1860च्या भारतीय दंड संहितेत चोरीचं पहिलंच उदाहरण झाडाचं होतं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303मध्येही ते कायम आहे.

स्वतःला मालक भासवून व्यापाऱ्याकडून पैसे उकळले, तर त्याच न्याय संहितेच्या कलम 318(4)नुसार फसवणूक ठरते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, हे सिद्ध करावं लागतं. भावाभावांत वाटणीचा खरोखर वाद असेल, तर प्रकरण बहुधा दिवाणी न्यायालयाकडे वळतं.

आखाडा बाळापूर ज्या कळमनुरी तालुक्यात येतं, तिथे आदिवासी वस्ती मोठी आहे. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात 1969चा स्वतंत्र कायदा आहे. ती विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. अडलेल्या माणसाचा साग मातीमोल भावाने जाऊ नये म्हणून हे संरक्षण फार मोलाचं आहे.

दुसऱ्याचं झाड घेणाऱ्या खरेदीदाराचं नुकसान दुहेरी: पैसेही जातात आणि झाडही. 1930च्या माल विक्री कायद्याच्या कलम 27नुसार, विकणाऱ्याकडे नसलेली मालकी घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. इसार देण्याआधी त्याने सातबारा, सहहिस्सेदारांची संमती आणि तोडीची परवानगी तपासायला हवी. परवानगीचा कागद मालकीचा पुरावा नसतो.