डॅडो (स्वयंपाकघर)

डॅडो म्हणजे स्वयंपाकघरातील ओट्याच्या पृष्ठभागापासून वर, भिंतीच्या ठरावीक उंचीपर्यंत बसविलेले, पाण्याने खराब न होणारे व सहज पुसता येणारे आच्छादन होय. फोडणीचे उडणारे तेल, वाफ, सिंकमधील पाण्याचे शिंतोडे आणि हळद-मसाल्यांचे डाग यांपासून भिंतीचे रक्षण करणे हे त्याचे मुख्य कार्य आहे. डॅडोची निवड करताना प्रथम रंग व नक्षी यांकडे लक्ष जाते. तथापि त्याचा टिकाऊपणा मुख्यत्वे टाइलमागील गिलावा, टाइल चिकटविण्याची पद्धत आणि सांधे या तीन बाबींवर अवलंबून असतो.

नाव

‘डॅडो’ हा मूळ इटालियन शब्द असून त्याचा अर्थ फासा किंवा घन असा होतो. वास्तुशास्त्रात स्तंभाच्या बैठकीच्या मधल्या चौकोनी भागास हे नाव मिळाले. पुढे इंग्रजीत खोलीच्या भिंतीचा, वेगळ्या रीतीने सजविलेला खालचा भाग या अर्थी तो रूढ झाला. भारतातील बांधकाम व्यवहारात न्हाणीघर व स्वयंपाकघर यांतील भिंतीवरच्या टाइलच्या आच्छादनास डॅडो म्हणतात. ओट्यामागील अशा आच्छादनास ब्रिटनमध्ये ‘स्प्लॅशबॅक’, तर अमेरिकेत ‘बॅकस्प्लॅश’ अशी संज्ञा आहे.

पार्श्वभूमी

चूल जमिनीवर असताना स्वयंपाक बसून केला जाई. चुलीमागील मातीच्या भिंतीवर काजळी धरली की ती पुन्हा सारवून घेत. म्हणजेच भिंत पुसण्याऐवजी तिचा पृष्ठभागच नवा केला जाई. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, घरातील नळ आणि गॅसची शेगडी आल्यावर पाणी व आच एकाच भिंतीलगत आली आणि कायमस्वरूपी आच्छादनाची गरज निर्माण झाली. आरंभी पांढऱ्या, लहान चौरस चकाकीदार टाइलांची पट्टी लावली जाई. आता 300 × 450 आणि 300 × 600 मिलिमीटर ही मापे सर्रास आढळतात. गुजरातमधील मोरबी हे भारतातील टाइल उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे.

साहित्याची निवड

सिरॅमिक टाइल : भाजलेल्या मातीच्या या टाइलच्या दर्शनी बाजूस काचेसारखा चकाकीदार थर असतो. ती वजनाने हलकी व कापण्यास सोपी असते. भिंतीवर भार वा घर्षण फारसे नसल्याने ती येथे पुरेशी ठरते.

व्हिट्रिफाइड टाइल : ही अधिक घट्ट व जड असते. आयएसओ 13006 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्गीकरणानुसार सर्वांत घट्ट गटातील टाइल 0.5 टक्क्यापेक्षा अधिक पाणी शोषत नाही, तर सच्छिद्र भिंत-टाइलांच्या गटात हे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असते. टाइल कशाने चिकटवावी हे या फरकावर ठरते.

ग्रॅनाइट : ओट्यासाठी वापरलेल्या दगडाचीच पट्टी भिंतीवर घेतल्यास सांधे कमी होतात.

संगमरवर : लिंबू, चिंच व कोकम यांतील आम्लामुळे त्याची चकाकी जाते, त्यामुळे शेगडी व सिंकजवळ तो टाळणे इष्ट.

काच : सांधे जवळजवळ नसल्याने ती पुसण्यास सुलभ असते. शेगडीमागे मात्र टफन्ड काचच वापरावी लागते. अशी काच नंतर कापता किंवा तिला छिद्र पाडता येत नाही. म्हणून स्विचबोर्डाची जागा आधीच निश्चित करावी लागते.

खडबडीत किंवा खोल नक्षीच्या पृष्ठभागावर तेलाचा थर साचतो. त्यामुळे शेगडीमागील भागात गुळगुळीत पृष्ठभाग श्रेयस्कर मानला जातो.

उंची व परिमाण

ओट्यापासून सुमारे 60 सेंटिमीटर, वरच्या कपाटांच्या तळापर्यंत किंवा छतापर्यंत अशा तीन प्रकारची उंची प्रचलित आहे. टाइलांची संख्या क्षेत्रफळावरून काढतात. उदाहरणार्थ, 3 मीटर लांबीच्या सरळ ओट्यावर 0.6 मीटर उंचीचा डॅडो घेतल्यास क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर होते. 300 × 600 मिलिमीटरच्या एका टाइलचे क्षेत्रफळ 0.18 चौरस मीटर असल्याने 10 टाइला लागतात. कापणी व तुटीसाठी सामान्यतः दहा टक्के अधिक धरतात. पुढे एखादी टाइल बदलावी लागल्यास नव्या उत्पादनातील छटा जुळेलच असे नाही; म्हणून सर्व खोक्यांवरील छटेचा क्रमांक एकच असल्याची खात्री करणे आणि काही टाइला राखून ठेवणे उपयुक्त ठरते.

बसविण्याची पद्धत

पूर्वतयारी : भिंतीतील नळ व विजेच्या नळ्यांचे काम आधी पूर्ण करतात आणि नळजोडणीतून गळती नसल्याचे तपासतात. गिलाव्यावर पाणी मारून तो पक्का होऊ देतात. जुन्या भिंतीवरील रंग व तेलकट थर खरवडून काढावा लागतो, कारण रंगावर चिकटविलेली टाइल रंगासह सुटते. गिलावा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तेवढा भाग काढून नव्याने करतात. विजेच्या जागांभोवती काम करताना मुख्य स्विच बंद ठेवणे आवश्यक आहे.

आखणी : ओळंब्याने भिंतीचा उभेपणा व पाणसळीने ओट्याची पातळी तपासतात. टाइला प्रथम कोरड्याच मांडून पाहिल्यास कापलेले तुकडे कोठे येतील हे कळते. अरुंद तुकडे दर्शनी मध्यभागी न येता कोपऱ्यात किंवा फ्रिजमागे यावेत, अशी मांडणी केली जाते.

चिकटविणे : पारंपरिक पद्धतीत सच्छिद्र सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवून तिच्या पाठीस सिमेंट लावतात. टाइल कोरडी राहिल्यास ती सिमेंटमधील पाणी शोषून घेते आणि पकड कमकुवत होते. सिमेंटचे केवळ चार-पाच गोळे ठेवून टाइल दाबल्यास कोपरे पोकळ राहतात. तेथे खिळा ठोकताना किंवा भांडे आदळल्यास टाइल तडकते आणि पोकळीत पाणीही साचते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्याने साध्या सिमेंटची पकड तिच्यावर भरवशाची नसते. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त टाइल-अढेसिव्ह वापरतात. त्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे. अढेसिव्ह वापरताना टाइल सामान्यतः भिजवत नाहीत. ते दातेरी थापीने भिंतीवर सारख्या जाडीत पसरून, त्यावर साय धरण्यापूर्वी टाइल दाबून बसवितात. पक्के झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने हलकेच ठोकून पोकळी शोधता येते.

सांधे : दोन टाइलांमध्ये स्पेसर ठेवून सुमारे 2 ते 3 मिलिमीटर फट राखतात व नंतर ती ग्राउटने भरतात. सिमेंटचे ग्राउट स्वस्त असले तरी सच्छिद्र असते आणि हळदीचा डाग धरते. इपॉक्सी ग्राउट महाग असून त्यावर डाग सहसा टिकत नाही. परंतु टाइलवर सांडलेले ग्राउट वाळण्यापूर्वीच पुसावे लागते. ओटा व भिंत यांमधील सांधा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. ओटा व भिंत वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, प्रसरण व आकुंचन पावतात. त्यामुळे तेथे भरलेल्या कडक सिमेंटला कालांतराने भेग पडते आणि सिंकजवळचे पाणी त्यातून ओट्याखालच्या कपाटात किंवा भिंतीपलीकडे झिरपते. या सांध्यात लवचीक व बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरणे योग्य समजले जाते.

कारागिरांची सुरक्षितता

टाइल व ग्रॅनाइट कोरडे कापताना सिलिकायुक्त सूक्ष्म धूळ उडते. ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा विकार होऊ शकतो. पाण्याच्या साहाय्याने कापणे, योग्य प्रतीचा मास्क वापरणे आणि कापणीचे काम मोकळ्या जागी करणे हे त्यावरील प्रमुख उपाय आहेत. नाकातोंडावर बांधलेला रुमाल अशी सूक्ष्म धूळ पुरेशी अडवीत नाही.

निगा

दैनंदिन स्वच्छतेसाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरेसा असतो. तीव्र आम्लाने सिमेंटचे ग्राउट झिजते, तर तारेच्या घासणीने टाइलच्या चकाकीवर ओरखडे पडतात. ओट्यालगतचा सीलंट काळा पडल्यास किंवा सुटू लागल्यास जुना थर पूर्ण काढून, जागा कोरडी करून नवा भरतात. ओट्याखालील ओल, फुगलेला रंग किंवा कुबट वास ही पाणी झिरपत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी टाइला उखडण्यापूर्वी हा सांधा, सिंकची कड आणि नळजोडणी तपासणे हितावह असते.