गाण्याआधी खोली ऐकावी लागते

खान्देशातलं गाणं आता घरात तयार होतं. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर अशा गावांमध्ये राहत्या घरातली एक खोली, एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक एवढ्या सामानावर लग्नसराईची, कानबाईची, आखाजीची अहिराणी गाणी रेकॉर्ड होतात, तिथंच मिक्स होतात आणि यूट्यूबवर जातात. ‘हाई झुमकावाली पोर’ खान्देशाची वेस ओलांडून महाराष्ट्रभर वाजलं, तेव्हापासून तर या गाण्यांकडून ऐकणाऱ्यांच्या अपेक्षाही वाढल्या आहेत. साहजिकच अशा छोट्या स्टुडिओच्या मालकापुढे प्रश्न येतो : हाताशी असलेले थोडे पैसे रूम करेक्शन सॉफ्टवेअरमध्ये घालावेत, की भिंतींवर आवाज शोषणारे पॅनल लावावेत? पहिला पर्याय मोहक आहे. एक माइक खोलीत फिरवायचा, संगणक मोजमाप करतो आणि स्पीकरचा आवाज ‘सपाट’ करून देतो. खिळा ठोकायलाही नको. तरीही माझं मत स्पष्ट आहे. आधी भिंती कराव्यात. आणि कापसाच्या मुलखात हे काम इतरांपेक्षा सोपं आहे.

आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय दहाची, स्लॅबही दहाच फुटांवर. वर काँक्रीट, खाली गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना प्लास्टर. ध्वनीच्या दृष्टीनं याहून वाईट आकार शोधूनही सापडणार नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी ध्वनिलहर नेमकी अर्धी बसते, ती तिथं अडकून घुमत राहते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर आणि भिंतींमधलं अंतर ३.०५ मीटर, म्हणजे ही घुमणारी कंपनसंख्या ५६ हर्ट्झच्या आसपास येते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असल्यानं तिन्ही दिशांचं घुमणं याच एका आकड्यावर येऊन साचतं. ढोलाचा आणि इलेक्ट्रॉनिक किकचा बास साधारण याच पट्ट्यात असतो. कोपऱ्यात उभं राहिलं तर तो गडगडतो आणि खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्सिंग करणारा मधे बसला असेल तर त्याला बास कमी वाटतो, तो वाढवत जातो, आणि तेच गाणं वरातीत डीजेच्या भिंतीवर लागलं की गायिकेचे शब्द त्या दणक्यात बुडून जातात.

सॉफ्टवेअर यावर काय करतं? सोनारवर्क्स, डिरॅक किंवा २००७ पासून बाजारात असलेलं आयके मल्टिमीडियाचं एआरसी, यांची मूळ कल्पना एकच आहे. ऐकण्याच्या जागेवर कोणता स्वर किती चढतो किंवा उतरतो ते मोजायचं आणि स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये तेवढा उलटा बदल करायचा. चढलेला स्वर खाली आणायला हे उत्तम जमतं. त्यात एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाजूनं मान्य केलीच पाहिजे : खालच्या स्वरांत असा उंचवटा नेमका कापला की त्या खुर्चीपाशी त्याचं लांबत जाणारं घुमणंही कमी होतं. पण जिथं स्वर पडलेला आहे, तिथं हा उपाय हरतो. दोन लहरी एकमेकींना मारतात म्हणून तो खड्डा पडलेला असतो. स्पीकरचा आवाज वाढवला की भिंतीवरून परतणारी लहरही तेवढीच वाढते आणि खड्डा होता तसाच राहतो. दहा डेसिबल भर घालायची तर अँपला दहापट शक्ती लागते. एवढं करून शेजाऱ्यांच्या भिंती तेवढ्या थरथरतील. शिवाय सारी दुरुस्ती एका खुर्चीपुरती. मागं सोफ्यावर बसलेला गायक किंवा निर्माता वेगळंच काही ऐकत असतो.

माझ्या लेखी निर्णायक मुद्दा मात्र माइकचा आहे. रूम करेक्शन संगणक आणि स्पीकर यांच्या मधे काम करतं. माइकमध्ये काय शिरतं, यावर त्याचा काडीचाही ताबा नाही. खान्देशातल्या घरगुती स्टुडिओत गाणं म्हणण्याची आणि ऐकण्याची खोली बहुधा एकच असते. म्हणजे ज्या खोलीचे दोष सॉफ्टवेअर स्पीकरवर झाकतं, तेच दोष गायिकेच्या आवाजाला चिकटून ट्रॅकमध्ये उतरलेले असतात. मुळात खोलीच्या ध्वनीचं शास्त्रच शोषणातून जन्मलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत घुमण्याचा काळ मोजला आणि त्यातून सूत्र काढलं : खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. आपल्या दहा फुटी खोलीचं घनफळ २८ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ५६ चौरस मीटर, पण उघडं प्लास्टर आणि फरशी जेमतेम अडीच टक्के ध्वनी शोषतात, म्हणजे एकूण शोषण १.४. रिकाम्या खोलीत आवाज तीन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. त्यात आठ चौरस मीटर जाड शोषक थर लावला की हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. कोणतंही करेक्शन सॉफ्टवेअर माइकसाठी हे करू शकत नाही.

यावर आजचा आक्षेप असा की, ट्रॅकमधला घुम काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत, मग भिंतींचा खटाटोप कशाला? ती साधनं मुलाखतीच्या किंवा भाषणाच्या आवाजावर चांगली चालतात. गाण्यात मात्र सुराची लांबवलेली शेपटी आणि खोलीचा घुम एकमेकांत मिसळलेले असतात. घुम काढताना सुराचा शेवटही कुरतडला जातो. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. लोक मोबाइलवर ऐकतात, मग एवढी बारकाई कुणासाठी? मोबाइलचा छोटा स्पीकर बास देत नाही हे खरं. पण मानवी आवाजाचा मधला पट्टा तो स्पष्ट देतो, आणि रिकाम्या खोलीचा डबा-डबा नाद नेमका तिथंच असतो. हेडफोनवर मिक्स करावं, हा तिसरा सल्ला मला पटतो. त्यानं ऐकण्याची अडचण बरीच सुटते. गाण्याची सुटत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि इथं खान्देशाकडे स्वतःचं उत्तर आहे. बाहेर मिळणारा एक इंची स्पंज वरचे स्वर खातो, खालचे तसेच सोडतो, त्यामुळे खोली आणखी कोंदट वाटते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांच्या भरवशावर तर कुणी राहूच नये. एक फार पातळ, दुसऱ्यातून हवा जात नाही. शोषणासाठी हवेला आत शिरता येईल असं तंतुमय, जाड काहीतरी लागतं. एसीच्या डक्टसाठी मिळणारं ग्लासवूल किंवा रॉकवूल चालतंच, पण जिनिंगच्या गावात पिंजलेला कापूसही चालतो. साध्या लाकडी पट्ट्यांची चार ते सहा इंच खोल चौकट, आत गादीइतका दाबून भरलेला कापूस, वर मांजरपाट, आणि भिंतीपासून चार इंच अंतर. हे अंतर महत्त्वाचं, कारण भिंतीला चिकटून हवेचे कण हलत नाहीत. त्यांची हालचाल जिथं आहे तिथंच कापूस त्यांची ऊर्जा खातो. पहिले पॅनल गायकाच्या पाठीमागं आणि कोपऱ्यांमध्ये लावावेत, मग स्पीकरच्या दोन्ही बाजूंना. कापूस पेट घेतो, हा धोका गंभीर आहे. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सची प्रक्रिया केलेलाच कापूस वापरावा, आणि वायरिंग चौकटीतून नेऊ नये. ज्याला ही खात्री करता येत नाही त्यानं रॉकवूलच घ्यावं. बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज मात्र यातलं काहीच अडवणार नाही. त्यासाठी दार-खिडक्यांच्या फटी बुजवणं आणि जड भिंत हाच उपाय.

शंभर हर्ट्झच्या खाली मात्र कापसाचीही ताकद संपत येते. त्या लहरी तीन-चार मीटरहून लांब असतात, आणि त्यांना पुरं पडेल एवढी जाडी दहा फुटी खोलीत मावत नाही. सॉफ्टवेअरची खरी जागा इथं आहे. पॅनल लागल्यावर रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रॅमनं मोजमाप करावं, खुर्ची खोलीच्या मध्यावरून थोडी पुढं सरकवावी, आणि दुरुस्ती फक्त खालच्या स्वरांतले उंचवटे कापण्यापुरती ठेवावी. खड्डे भरू नयेत. आपल्या हवामानात हे मोजमाप वर्षातून एकदा करून भागत नाही. तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो. जानेवारीच्या पहाटे बारा अंशांत जी खोली साडेपंचावन्न हर्ट्झवर घुमते, ती मे महिन्यात एसी बंद असताना बेचाळीस अंशांत साडेअठ्ठावन्नवर घुमते, आणि थंडीत बसवलेला अरुंद फिल्टर चुकीच्या जागी कापत राहतो. पॅनल लावलेल्या खोलीत तो उंचवटा थोडा तरी बुटका आणि रुंद झालेला असतो, म्हणून तीन हर्ट्झच्या या सरकण्यानं तिथं तुलनेनं कमी बिघडतं.